कॅशलेस क्लेम: किरकोळ ठोकरीनंतर ही सेवा कितपत कामाची?

सिग्नलला मागून बसलेला धक्का, पार्किंगमध्ये खांबाला घासलेलं दार, पावसात ब्रेक न लागल्याने पुढच्या गाडीवर टेकलेला बंपर. कुणाला लागलेलं नाही, गाडी चालतेय, पण पुढचा भाग चेपलाय. अशा वेळी विमा कंपन्या जी सेवा देतात ती म्हणजे कॅशलेस क्लेम, आणि हे परीक्षण तिचंच आहे. कुठल्या एका कंपनीचं नाव घेतलेलं नाही, कारण खासगी मोटारीच्या पॉलिसीचा मूळ मसुदा सगळीकडे जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो जोडून घेतलेल्या कव्हरमध्ये, सर्व्हेच्या (नुकसानीच्या पाहणीच्या) पद्धतीत आणि गॅरेजच्या हातात.

आमचं मत आधीच सांगतो. गाडी पाच वर्षांच्या आतली आहे, झिरो डेप (भागांच्या जुनेपणाची कपात टाळणारं जोडकव्हर) घेतलेलं आहे आणि खर्च पंचवीस-तीस हजारांवर जातोय, तर ही सेवा खरोखर चांगली आहे. नो क्लेम बोनस (क्लेम न केलेल्या वर्षांबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर पोचलेला असेल आणि बिल दहा हजारांच्या आत असेल, तर क्लेम करूच नये. मधल्या रकमांसाठी गणित मांडावं लागतं. ते पुढे दिलंय.

कॅशलेसचा अर्थ एवढाच की कंपनी तिचा वाटा थेट गॅरेजला देते. आपला वाटा आपल्यालाच भरायचा असतो, तोही गाडी ताब्यात घेताना, किल्ली हातात येण्याआधी. बहुतेक भांडणं इथेच होतात, कारण आपला वाटा किती, हे गाडी टाकताना कुणी विचारलेलं नसतं.

कापलं काय जातं

मूळ पॉलिसीत घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याबद्दलची कपात, असा आहे. रबर, नायलॉन, प्लॅस्टिकचे भाग, टायर, ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के. फायबरग्लासवर ३० टक्के. काचेवर काहीही नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत शून्य, एक वर्षापर्यंत ५ टक्के, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रंगकामात फक्त साहित्याच्या खर्चावर ५० टक्के कापतात. बिलात साहित्य आणि मजुरी वेगळी दाखवली नसेल, तर एकूण रंगकामाच्या २५ टक्के रक्कम साहित्याची धरली जाते. मजुरीवर घसारा नाही.

आजच्या गाड्यांचं तोंड जवळपास सगळं प्लॅस्टिकचं आहे. बंपर, जाळी, हेडलाइटचं घर, फॉग लॅम्पची चौकट, फेंडरच्या आतलं अस्तर. म्हणजे किरकोळ ठोकरीत जे मोडतं, नेमका त्यावरच निम्मा घसारा. मोठ्या अपघातात पत्रा आणि मजुरी यांचा वाटा वाढतो आणि हे प्रमाण सुधारतं, पण छोट्या अपघातात साधी पॉलिसी फार पातळ पडते.

एक नमुना घेऊ. गाडी साडेतीन वर्षांची, इंजिन १५०० सीसीच्या आतलं, डावा पुढचा कोपरा बसलेला. नवा बंपर ६,०००, हेडलाइट ९,०००, फेंडर ४,०००, जाळी आणि ब्रॅकेट २,५००, क्लिपा आणि स्क्रू ५००, दोन भागांचं रंगकाम ८,०००, फिटिंगची मजुरी ३,५००. एकूण ३३,५०० रुपये, कर धरून. आकडे नमुन्याचे आहेत, मॉडेलप्रमाणे बदलतील; कपातीची रीत मात्र हीच.

बंपरचे ३,००० गेले, हेडलाइटचे ४,५००, फेंडरचे २५ टक्क्यांनी १,०००, जाळी-ब्रॅकेटचे १,२५०. क्लिपा आणि स्क्रू उपभोग्य वस्तू म्हणून पूर्ण ५०० गेले. रंगाच्या साहित्याचे १,०००. शेवटी सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला मालकाने भरायचीच रक्कम, जी १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यावर २,००० रुपये असते. बेरीज १२,२५०. ‘कॅशलेस’ म्हणून टाकलेल्या गाडीसाठी मालकाने सव्वाबारा हजार भरायचे आणि कंपनीने २१,२५०. काढलेल्या जुन्या भागांची भंगार किंमत वळती केली, तर आपला वाटा थोडा आणखी वाढतो.

याच बिलावर झिरो डेप असतं तर मालकाला फक्त क्लिपांचे ५०० आणि वजावटीचे १,००० पडले असते. कन्झ्युमेबल (उपभोग्य वस्तूंचं) कव्हरही असेल तर फक्त १,०००. म्हणून पाच वर्षांच्या आतल्या गाडीला झिरो डेप घ्यावंच, असं आमचं ठाम मत आहे. घेताना दोन गोष्टी वाचाव्यात: वर्षात किती क्लेमना ते लागू आहे (अनेक कंपन्या दोनवर थांबतात), आणि टायर-बॅटरी त्यातून वगळलेत का. ज्यांच्या पॉलिसीत स्वखुशीने स्वीकारलेली जादा वजावट आहे, त्यांनी ती सक्तीच्या वजावटीत मिळवायची. हप्ता कमी दिसावा म्हणून विकताना ती सहज घातली जाते आणि क्लेमच्या दिवशीच लक्षात येते.

क्लेम करावा का, याचं गणित

नो क्लेम बोनसची पायरी २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी चढते. ही सूट हप्त्याच्या ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) भागावर मिळते, थर्ड पार्टीच्या (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) भागावर नाही. एक ओन डॅमेज क्लेम झाला की पुढच्या नूतनीकरणाला बोनस शून्य. पण नुकसान त्या एका वर्षाचं नसतं, पुन्हा वर चढेपर्यंत दरवर्षी थोडं थोडं होत राहतं, आणि हे सल्लागार सहसा सांगत नाहीत.

ओन डॅमेजचा हप्ता सूट धरण्यापूर्वी १२,००० आहे असं समजू. ५० टक्क्यांवर असलेल्या मालकाने क्लेम केला, तर पहिल्या वर्षी ६,००० जातात. दुसऱ्या वर्षी ५० ऐवजी २० मिळाल्याने ३,६००, मग ३,०००, मग १,८००, मग ६००. सगळे मिळून १५,०००. गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी, पण अंदाज याच्या आसपासच. उलट नवी गाडी असून पहिल्याच वर्षी ठोकर बसली तर जो २० टक्के मिळणार होता तो जातो आणि पायऱ्या एका वर्षाने मागे पडतात: २,४००, ६००, १,२००, १,२००, ६००. एकूण ६,०००.

म्हणजे वरच्या नमुन्यात, साध्या पॉलिसीवर ५० टक्के बोनस असलेल्या माणसाला कंपनी २१,२५० देते आणि तो १५,००० गमावतो. हाती राहतात सहा-सव्वासहा हजार, आणि तेवढ्यासाठी गाडी वर्कशॉपमध्ये अडकते. झिरो डेप असेल तर कंपनी ३२,००० देते, तेव्हा क्लेम न करणं वेडेपणा. बोनस वाचवणारं कव्हर घेतलेलं असेल तर हे गणित पुसून टाका, पण त्यात किती क्लेम माफ आहेत ते पॉलिसीत बघा.

या सेवेचा आम्हाला सर्वांत खटकणारा दोष इथेच आहे. चूक समोरच्याची असली, तो येऊन मागून आदळला असला, तरी आपण आपल्या पॉलिसीवर दुरुस्ती केली की बोनस आपलाच जातो. समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंत भरपाई मिळू शकते, पण त्यासाठी पोलिसांत नोंद आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची वाट धरावी लागते. वीस-तीस हजारांसाठी कुणी ती धरत नाही. नियमाने चालणारा चालक दुसऱ्याच्या निष्काळजीपणाची किंमत पाच वर्षं भरत राहतो, आणि बोनस वाचवणारं कव्हर सोडलं तर यावर कंपन्यांनी काही उपाय काढलेला नाही.

ठोकर बसल्यावर लगेच

कुणाला लागलं असेल तर बाकी सगळं मागे. १०८ किंवा ११२. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला मदत मिळवून देणं आणि २४ तासांत पोलिसांना कळवणं चालकाचं कर्तव्य आहे. फक्त पत्रा चेपला असेल आणि तंटा नसेल तर ओन डॅमेज क्लेमसाठी एफआयआर लागत नाही. समोरचा पळून गेला, सरकारी मालमत्ता मोडली किंवा पैशांवरून हुज्जत झाली, तर जवळच्या ठाण्यात नोंद करून प्रत घ्यावी.

हझार्ड दिवे लावून, गाडी हलवण्याआधी फोटो. पाच-सहा पावलांवरून दोन्ही गाड्या नंबरप्लेटसकट, रस्त्याची दिशा दिसेल असा एक, मग जवळून. समोरच्याचं लायसन्स आणि पॉलिसीचं पहिलं पान. मग गाडी कडेला. एक्सप्रेसवेवर माणसांनी गाडीच्या मागे उभं राहू नये, कठड्यापलीकडे जावं. त्रिकोण मागे लांब ठेवावा.

रस्त्यावर ‘चूक माझी, पैसे देतो’ असं लिहून देऊ नये. पॉलिसीच्या अटींप्रमाणे कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली, आश्वासन किंवा रक्कम द्यायची नसते. माणुसकीने बोलायला काही हरकत नाही, कागदावर सही नको.

आणखी एक अट बहुतेकांना ठाऊक नसते: अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या माथी. पुढून ठोकर असेल तर बोनट उघडून रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर बघा. खाली हिरवा-गुलाबी कूलंट ठिबकत असेल, पंखा कव्हरला घासत असेल, तर चावी बंद. रेडिएटर फुटणं हा क्लेमचा भाग आहे. तशीच दहा किलोमीटर दामटून इंजिन तापलं आणि हेड गॅस्केट गेलं, तर ते नाही. चाक आणि अस्तर यांच्यात फट राहिली नसेल तरीही गाडी चालवू नका. मूळ पॉलिसीत गाडी उचलून नेण्याचे १,५०० रुपयांपर्यंत मिळतात, त्यात शहरातली फेरी कशीबशी भागते. रोडसाइड असिस्टन्स असेल तर फ्लॅटबेड मागवा. ऑटोमॅटिक गाडी दोरीने टोचन करून नेणं गिअरबॉक्सला धोक्याचं.

सर्व्हे: सेवेची खरी परीक्षा

कळवणं सोपं झालंय. अ‍ॅप, फोन, व्हॉट्सअ‍ॅप, पाच-दहा मिनिटांत क्लेम नंबर येतो. घटनेचं वर्णन मात्र साधं आणि अचूक लिहा: वेळ, जागा, आपला कोणता कोपरा कशावर आदळला. चालवणाऱ्याचं नाव खरंच द्या. लायसन्स नसलेल्याच्या जागी दुसऱ्याचं नाव घालणं हे क्लेम फेटाळण्याचं सर्वांत पक्कं कारण आहे. खासगी पाटीची गाडी भाड्याने चालवणं आणि आरसीवर न चढवलेलं सीएनजी किट यांवरूनही क्लेम अडकतात. पीयूसी संपलेलं असणं हे क्लेम नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही, असा खुलासा विमा नियामकाने २०२० मध्ये केलेला आहे.

मागच्या दारावरची जुनी खरवड याच क्लेममध्ये बसवण्याचा मोह टाळा. सर्व्हेअर ओरखड्याची उंची आणि दिशा बघतो, गंज आणि धूळ बघतो. दोन वेगळ्या घटना म्हणजे दोन क्लेम आणि दोन वजावटी, असा नियम आहे.

आता मुख्य मुद्दा. पन्नास हजारांच्या आतल्या नुकसानाला परवानाधारक सर्व्हेअर बंधनकारक नाही, त्यामुळे छोट्या क्लेमचा सर्व्हे हल्ली फोटो किंवा व्हिडिओ कॉलवर उरकतो. वेगाच्या दृष्टीने हे उत्तम. पण बंपर हा निव्वळ मुखवटा असतो. ठोकर बसल्यावर तो आत जातो आणि पुष्कळदा परत बाहेर येतो. मागचं काय मोडलं हे कॅमेऱ्याला दिसत नाही. हेडलाइटचे कान (तो बसवण्याच्या कड्या), बंपरचे साइड ब्रॅकेट, वॉशरची बाटली, हॉर्न, रेडिएटर धरणारा आडवा सपोर्ट, कंडेन्सरची वाकलेली पट्टी, पार्किंग सेन्सरचं वायरिंग हे सगळं बंपर उतरवल्यावरच कळतं. पहिल्या सर्व्हेत नसलेला भाग नंतर बिलात आला, तर कंपनी विचारते की हा कुठून आला.

म्हणून गाडी टाकताना गॅरेजच्या अ‍ॅडव्हायझरला एवढंच सांगा: बंपर खोलल्यावरचे फोटो मला पाठवा, सप्लिमेंटरी एस्टिमेट (नंतर सापडलेल्या नुकसानीचा पूरक अंदाज) टाका आणि त्याची मंजुरी येईपर्यंत काम पुढे नेऊ नका. चांगलं बॉडीशॉप हे न सांगता करतं. ढिसाळ बॉडीशॉप तुटलेला कान गोंदाने चिकटवतं, आणि तीन महिन्यांनी हेडलाइट थरथरायला लागतो किंवा आत पाणी साचतं. सर्व्हेअर ‘बदला’ ऐवजी ‘दुरुस्त करा’ म्हणाला तर लगेच भांडू नका. बंपरची साधी चीर प्लॅस्टिक वेल्डिंगने नीट सांधता येते. पण माउंटिंगच्या जागा तुटल्या असतील, बंपरमागे रडार असेल किंवा ताण येऊन प्लॅस्टिक पांढरं पडलं असेल, तर नवाच मागा आणि कारण लेखी द्या.

विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा. उशीर होतो तो बहुधा भाग येण्यात, आणि त्याला ही मुदत लागू नाही. भाग मागवल्याची तारीख अ‍ॅडव्हायझरकडून लिहून घ्या.

कुठलं गॅरेज

गाडीच्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर महाग, पण भाग अस्सल, सेन्सर-कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन तिथेच आणि वॉरंटीला धक्का नाही. तीन-चार वर्षांच्या आतल्या किंवा चालकसाहाय्य यंत्रणा असलेल्या गाडीला हाच मार्ग. विमा कंपनीच्या यादीतलं बहुब्रँड गॅरेज रंगकामाला पुष्कळदा तोडीस तोड असतं, मात्र तिथे भाग कुठल्या मेकचे बसवले ते बिलावर छापून घ्या. ओळखीचा डेंटिंग-पेंटिंगवाला तेव्हा, जेव्हा क्लेम करायचाच नाही. रंग न फुटलेला दाराच्या मध्यावरचा खड्डा पेंटलेस डेंटिंगने निघतो आणि मूळ रंग वाचतो. कडेवर किंवा पत्र्याच्या घडीवर असेल तर ते जमत नाही.

रंगाची परीक्षा दिवसाच्या उजेडात करावी, वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली नाही. मेटॅलिक रंगात फक्त फेंडर रंगवून दाराच्या कडेला थांबलं तर छटा वेगळी दिसते, शेजारच्या भागावर रंग विरवत न्यावा लागतो. त्याचा खर्च एस्टिमेटमध्येच धरला गेला पाहिजे. क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) बूथमध्ये साधारण ६० अंशांवर अर्धा तास तापवतात. घाईत हे गाळलं की पृष्ठभाग मऊ राहतो आणि धूळ चिकटते. संत्र्याच्या सालीसारखा पोत, रबराच्या पट्टीवर उडालेला रंग, कडेला टेपची रेघ ही घाईची लक्षणं. बंपरला प्लॅस्टिकचा प्रायमर मारला नसेल तर वर्षाच्या आत रंगाचे पापुद्रे निघतात. पत्र्यावर पुटीचा जाड थर देऊन काम उरकलं असेल तर जाडी मोजणाऱ्या मीटरवर ते उघडं पडतं: मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, पुटी असेल तर आकडा कित्येक पटींनी वर. मुंबईत आणि कोकणात अशा कामाला पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच फोड येतात.

ताब्यात घेताना बोनट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंनी सारखी आहे का, हेडलाइटचा झोत एका उंचीवर पडतो का, एसी थंड होतो का, सेन्सर बीप देतात का, एअरबॅगचा दिवा चावी लावल्यावर पेटून विझतो का, हे बघा. चाकाला धक्का होता तर अलाइनमेंटचं प्रिंटआउट मागा. हे झाल्यावरच समाधानपत्रावर सही करा, कारण त्या कागदानंतर कंपनी हात झटकते.

कपात चुकीची वाटली तर सर्व्हे अहवालाची प्रत मागा, कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी कळवा आणि विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर नोंदवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालयं आहेत, शुल्क नाही, वकिलाची गरज नाही.

पुढच्या नूतनीकरणाला, विशेषतः कंपनी बदलताना, बोनसचा रकाना स्वतः भरा. एजंटने किंवा वेबसाइटने जुना ५० टक्के तसाच ठेवला आणि आपण पुढे गेलो, तर ते खोटं निवेदन ठरतं आणि नंतरचा क्लेम त्यावरून नाकारला जातो. चुकून घडलं असेल तर फरकाची रक्कम भरून पॉलिसीवर दुरुस्तीचा शेरा घेता येतो, पण ते पुढचा क्लेम येण्याआधी करावं लागतं.